दिसलं ते बाकावर सांगायचं

४ सप्टेंबर

प्रिय भोचक,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायचं तर बाबा समोरच्या खुर्चीत असतात आणि त्यांचे कान तुला माहीत आहेत. म्हणून दुकानातून लिहिते आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मालकीणबाई आत डुलकी काढतात आणि मी पँटींच्या किनारी उलगडत बसते. उत्तर दुकानाच्या पत्त्यावरच पाठव, घरच्या नको.

विषय बाबांचा आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. तू धाकटा असलास तरी तुलाही कळलेलं बरं, एवढंच.

आई गेल्यापासून आम्ही दोघं रोज संध्याकाळी तळ्याला फेरी मारतो. नियम तोच जुना. तू विसरला असशील, कारण तू तो कधी पाळलाच नाहीस. चालताना बोलायचं नाही. ज्याला काही दिसेल त्याने नुसतं थांबायचं. बोट दाखवायचं नाही, कारण हात वर गेला की पाखरू उडतं. आणि दुसऱ्याने ‘कुठे?’ म्हणून विचारायचं नाही, आपलं आपण शोधायचं. काय दिसलं ते फेरी संपल्यावर सांडव्याजवळच्या बाकावर बसून सांगायचं. तू ‘कुठे, कुठे’ करून निम्मं तळं रिकामं करायचास, त्यावरूनच तर तुझं नाव पडलं.

तर गेले काही महिने बाबा माझा दंड धरून चालतात. आधी कधी धरत नसत. उजव्या हातात काठी नाही, काही नाही, पण डाव्याने माझा दंड घट्ट. तोल जात असणार. मी विचारलं नाही. घरी मागच्या पायऱ्यांच्या कडांना त्यांनी पांढरा रंग फासला आहे. जिन्यातला दिवा बदलून इतका मोठा लावला आहे की शेजारचे विचारतात, लग्नकार्य आहे का. स्वयंपाकघरातलं स्टूल होतं तिथे मधे येतं म्हणून माळ्यावर टाकलं. पडायची धास्ती घेतली आहे त्यांनी, आणि त्या वयात ती असायचीच.

पण एक गोष्ट जरा निराळी आहे. परवा लव्हाळ्याच्या वळणावर ते थांबले, मी थांबले. पुष्कळ वेळ उभे होतो. मला पाणी दिसलं, लव्हाळा दिसला, बाकी काही नाही. हल्ली संध्याकाळ होते तीही एकदम, आणि तळ्यावरचे दिवे नावालाच लावतात. बाकावर बसल्यावर बाबा म्हणाले, “पाणमांजर होतं. खडकावर बसून मासा खात होतं.”

पाणमांजर! आपल्या तळ्यात सांडवा बांधल्यापासून कोणी पाणमांजर पाहिलेलं नाही. मी म्हटलं, “अहो, मुंगूस असेल.” बाबा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “असेल.”

काल परत तेच. तीच जागा, तेच पाणमांजर. तुला कळावं म्हणून लिहिलं.

ताई

११ सप्टेंबर

ताईस,

पत्र वाचलं आणि कामावर असतानाही तेच डोक्यात होतं. मी लिफ्टची तपासणी करतो, म्हणजे लोक ज्याला ‘काही नाही, जरा आवाज करते’ म्हणतात, त्यावर माझं पोट आहे. तू जे लिहिलं आहेस ते एकेक सुटं घेतलं तर काही नाही. एकत्र घेतलं तर आवाज आहे.

तोल जातो. अंधाराची धास्ती. आणि आता नसलेलं दिसायला लागलं. आमच्याच इमारतीत म्हाताऱ्या माणसांचा एक डॉक्टर राहतो, त्याला जिन्यात गाठून विचारलं. तो म्हणाला, नसलेली जनावरं दिसणं हे त्या वयात होतं आणि ते हसण्यावारी नेऊ नये. आधी प्राणी दिसतात, मग माणसं दिसायला लागतात. तपासून घ्या म्हणाला.

तू म्हणशील, बाबांचं आयुष्य एक्स-रे विभागाच्या अंधाऱ्या खोलीत गेलं, त्यांना अंधारात आपल्यापेक्षा जास्त दिसतं. घरातला हा विनोद मला पाठ आहे. पण तुझे डोळे काय कमी आहेत का? या वयात चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतेस. काळ्या कापडावर काळी शिवण घालतेस. तुला दिसलं नाही म्हणजे ते नव्हतंच, माझ्यापुरता विषय संपला.

माझं मत असं आहे की बाबांनी इकडे यावं. मागची खोली रिकामी आहे, तिला ऊन येतं, लिफ्ट आहे (मी स्वतः तपासलेली). पायऱ्या नाहीत, तळं नाही, पाय घसरायची जागा नाही. तुझ्यावरचा भारही कमी होईल. आई गेल्यापासून तू एकटी सगळं बघतेस आणि मी फोनवर मान डोलावतो, हे मला कळतं.

तोवर तू एवढं कर. त्यांची जरा परीक्षा घे. परवा काय जेवलो, कोण आलं होतं, असं सहज विचार. आणि पाणमांजर पुन्हा दिसलं तर सरळ विचार, कुठे. नियम गेला खड्ड्यात.

भोचक

२३ सप्टेंबर

प्रिय भोचक,

तू लिफ्ट तपासतोस तशी माणसं तपासू नकोस. तरी तुझं ऐकून परीक्षा घेतली. परवा काय जेवलो हे मलाच आठवेना, त्यांनी सांगितलं, वर मी मीठ विसरले होते हेही सांगितलं. शेजारणीच्या नातवंडांची नावं क्रमाने सांगितली. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं तर ते माझ्याआधी सोडवून, मला वाटावं आपणच सोडवलं, अशी अक्षरं मोकळी ठेवतात. डोकं ठणठणीत आहे. मग पाणमांजर कुठून येतं, ते मला सांगता येत नाही.

या पंधरवड्यात ते आणखी चारदोनदा थांबले. एकदा खंड्या. एकदा वाटेवर ससा. एकदा वडाच्या ढोलीत घुबड. यातलं मला घुबड दिसलं नाही, ऐकू आलं. ससा दिसला नाही. खंड्या दिसला असं मी म्हटलं, कारण रोज ‘मला काही नाही’ म्हणायचा कंटाळा आला. आणि लव्हाळ्याच्या वळणावर पाणमांजर ठरलेलंच. तू लिहिलं होतंस तसं ‘कुठे’ विचारणार होते, पण तोंडातून निघेना. इतक्या वर्षांची सवय आहे. शिवाय विचारलं आणि त्यांनी रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवलं, तर मी काय करू? ते मला बघायचं नव्हतं.

तळ्यावरच्या वनखात्याच्या कार्यालयातली एक वाटाडी बाई शनिवारी लोकांना निसर्गफेरीला नेते. खिसेच खिसे असलेलं जाकीट घालते आणि चालता चालता सगळं मोठ्याने सांगते. बाबा त्या फेरीला मिरवणूक म्हणतात. तिला गाठून विचारलं. म्हणाली, “पाणमांजर? नाही हो. मी आल्यापासून तरी नाही. पण तुमच्या बाबांनी पाहिलं म्हणत असतील तर जरा दमाने घ्या.” कोणाला दमाने घ्या, त्यांना की मला, ते कळलं नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले, मला चष्म्याचा नंबर बघायचा आहे, चल. गेलो. त्यांचा नंबर जिथल्या तिथे. मग दुकानदाराला म्हणाले, “आलीच आहे तर हिचेही बघून घ्या.” मी खुर्चीत बसले आणि तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. दुकानदार म्हणाला, “बाई, सगळ्यांचे असे डोळे असते तर मी दुकान बंद केलं असतं.” मी बाबांना म्हटलं, झाली खात्री? झाली, म्हणाले. पण चेहरा खात्री झाल्यासारखा नव्हता. तसा त्यांच्या चेहऱ्यावर कधीच काही नसतं. त्या दिवशी त्यांनी घरापर्यंत माझा दंड सोडला नाही, भर दुपारी.

आता हेही सांगून टाकते, नाहीतर तुला बाबांकडून कळेल. माझी स्कूटर खांबाला घासली. दुकानातून येताना, गल्लीच्या तोंडाशी. मला काही झालं नाही, गुडघा जरा सोलवटला. त्या खांबावरचा दिवा गेलेला होता, तक्रार केली आहे. बाबांनी तेव्हापासून स्कूटरची किल्ली लपवून ठेवली आहे आणि संध्याकाळी स्वतः दुकानाच्या दारात येऊन उभे राहतात. मालकीणबाई म्हणतात, तुमचे वडील तुम्हाला शाळेतून न्यायला आले. त्यांच्या मनातली धास्ती आता माझ्यापर्यंत पोचली आहे, बाकी काय म्हणू.

तरी त्यांना मी पाठवणार नाही. भार वगैरे शब्द तू तुझ्याकडे ठेव. ते गेले तर मी संध्याकाळी काय करू, हा खरा प्रश्न आहे, तो मी लिहून टाकला.

ताई

१ ऑक्टोबर

ताईस,

तू स्वतःच लिहितेस की त्यांना दिसतं आणि तुला दिसत नाही, आणि स्वतःच म्हणतेस डोकं ठणठणीत आहे. दोन्ही कसं खरं असेल? शिवाय तू आता त्यांचं मन राखायला खंड्या दिसल्याचं खोटं सांगू लागलीस. उद्या त्यांना पाण्यात माणूस दिसला आणि ते काढायला उतरले तर? त्यांनी दंड तुझा धरलेला असणार, म्हणजे तूही आत.

मी दहा तारखेला येतो. चार दिवस राहीन आणि जाताना त्यांना घेऊन जाईन. निदान हिवाळ्यापुरतं. त्यांना फोनवर सांगितलं आहे, बॅग भरून ठेवा म्हणून. ‘बरं’ म्हणाले. एवढ्या सहज म्हणाले की मलाच चुकल्यासारखं झालं.

तू रागावशील, ते मी धरून चाललो आहे.

भोचक

१६ ऑक्टोबर

प्रिय भोचक,

तुझा मुद्दाच मला समजला नाही. मोठा गाजावाजा करून आलास. खोलीला रंग दिला, गादी नवी घेतली, हे सगळं सांगून झालं. बाबांनी बॅग भरून दाराशी ठेवली होती. मी पहिले दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही, हेही खरं. आणि मग निघायच्या आदल्या दिवशी आपण तिघं फेरीला गेलो, रात्री जेवताना तू म्हणालास, “बाबा इथेच राहू देत,” आणि सकाळी एकटाच निघून गेलास. का? ते तुझ्याकडून अजून आलेलं नाही.

मला वाटतं ते मी लिहिते, खोडून काढायचं तर काढ.

लव्हाळ्याच्या वळणावर बाबा थांबले. तू थांबलास. दोघांच्या मधे मी. तुम्ही दोघं असे उभे की श्वासही घेत नव्हतात. मी समोर बघत होते, अगदी समोर. काही नव्हतं. राखाडी पाणी आणि काळा लव्हाळा. मग बाकावर बाबा म्हणाले, “आज पिल्लं पण होती. दोन.” आणि तू म्हणालास, “हो. एक तिच्या पाठीवर चढत होतं.”

तू असं करशील असं वाटलं नव्हतं. मी खंड्याबद्दल खोटं बोलले तर मला उपदेश, आणि तू त्यांना खूश करायला पाठीवर चढणारं पिल्लू बनवलंस! दोघं मिळून माझी फिरकी घेता का, असं मी म्हटलं तेव्हा तुमच्यापैकी कोणी हसलंही नाही.

आणि परत येताना तू अंधारात माझ्या बाजूने चालत होतास. मग म्हणालास, “ताई, घे की.” मी म्हटलं, काय? घराची किल्ली तू केव्हाची माझ्यापुढे धरली होतीस म्हणे. मी घेतली नाही म्हणून रागावलास का? मला खरंच कळलं नाही तू काही देतो आहेस ते. किल्ली एवढीशी, आणि अंधार केवढा.

बाबा राहिले याचा मला आनंद आहे. तो आनंद मला नीट करता येत नाही, कारण तू जाताना माझ्याकडे असा बघत होतास की जणू बॅग माझी भरलेली आहे.

ताई

१८ ऑक्टोबर

ती. बाबांस,

ताई तुमचं टपाल उघडत नाही, म्हणून घरच्या पत्त्यावर लिहितो.

पाणमांजर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खडक किती जवळ होता ते तुम्हाला माहीत आहे. उजेड होता. बऱ्यापैकी होता, पाण्यावर अजून चमक होती, मला मासाही दिसत होता. ताई सरळ त्याच्याकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

वाटेत मी घराची किल्ली तिच्या हाताजवळ धरून चाललो. बराच वेळ धरली. ती बोलत होती आणि किल्ली तिच्यासाठी नव्हतीच. मग पायऱ्यांचा पांढरा रंग आठवला. दिवा आठवला. दंड आठवला.

तुमच्या नियमात हे बसत नाही, तरी विचारतो. ताईला काय दिसत नाही? आणि तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?

धाकटा

२४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, त्यामुळे कमीजास्त झालं तर सांभाळून घे.

गेल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. राखी बगळा वाटेच्या कडेला उभा होता. ती त्याच्या इतकी जवळून गेली की तिचा पदर लागावा. तो उडाला तेव्हा दचकली. बाकावर म्हणाली, “आज काही नाही, एक कुत्रं तेवढं अंगावरून गेलं.” त्यानंतर मी लक्ष ठेवलं. दिवसा सगळं ठीक. समोरचं बारीक सगळं दिसतं. उजेड कमी झाला की कडेचं जातं, मग खालचं जातं, अंधारून आलं की समोरचं लांबचंही जातं. उंबरा, स्टूल, खांब. ती म्हणते दिवे मंद झाले. दिवे तेच आहेत.

तू विचारशील की मग सांगितलं का नाही. मलाही मी ते विचारतो.

माझं काम तुला माहीत आहे. फिल्म ओली असतानाच मला दिसायचं. लाल दिव्याखाली धरली की छातीतला डाग आधी मला दिसायचा, मग जगाला. बाहेर आलो की माणूस विचारायचा, काही आहे का हो? आम्हाला सांगायची परवानगी नव्हती. डॉक्टर सांगतील, म्हणायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा. तो नियम बरोबर होता. अर्धवट माहितीने माणूस घाबरतो. पण इतकी वर्षं चेहरा सरळ ठेवला की तो आता वाकत नाही. तुझ्या आईच्या वेळेलाही मी सरळच ठेवला होता.

म्हणून हिला डॉक्टरकडे नेऊन त्याच्याकडून वदवून घ्यावं असं ठरवलं. चष्म्याच्या दुकानात नेली. त्या शहाण्याने तिचे डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. तक्ता समोर असतो, तिला समोरचंच तर दिसतं. माझा तो डाव फसला.

मग पाणमांजर आलं. ते खरंच आलं, आणि मला वाटलं, हे बरं झालं. मी रोज थांबेन, रोज बाकावर सांगेन. एकदा तरी ती म्हणेल, ‘बाबा, कुठे?’ तिने विचारलं की मी सांगणार होतो. सगळं सांगणार होतो. पण ती पडली नियम पाळणारी. मीच शिकवलेली. विचारेना. उलट माझं डोकं फिरलं असं समजून तुला पत्र लिहिलं, हे तू आलास तेव्हा कळलं. त्याचं मला काही वाटलं नाही. तिने मला वेडा समजावं, पण दंड धरू द्यावा.

तू बॅग भरायला सांगितलीस तेव्हा मात्र मी घाबरलो. ‘बरं’ म्हणालो, कारण दुसरं काय म्हणणार? कारण सांगायचं तर तिचं सांगावं लागलं असतं.

तू तिला काही लिहू नकोस. तू भोचक आहेस, तो भोचकपणा कामी आला, आता इथून पुढे माझं काम आहे. आजवर डॉक्टर सांगतील म्हणत आलो. हे मी सांगेन.

बाबा

२१ नोव्हेंबर

प्रिय भोचक,

तुझी या महिन्यातली तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण आधी मी तुमच्या दोघांवर चिडले होते, आणि मग तपासण्या चालू होत्या. आता दोन्ही संपलं आहे. चिडणं थोडं शिल्लक आहे, ते असू दे.

बाबांनी बाकावर सांगितलं. लव्हाळ्याच्या वळणावर थांबले नाहीत, त्यावरूनच मला चुकल्यासारखं झालं. बाकावर बसल्यावर म्हणाले, “खोल श्वास घे.” मी म्हटलं, का हो? म्हणाले, “घे. आता रोखून धर.” आयुष्यभर ते हे लोकांना सांगत आले, मला प्रथमच सांगितलं. मी मुकाट्याने श्वास रोखला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. राखी बगळा, खांब, स्टूल, चष्म्याचं दुकान, पाणमांजर. आवाज एकसारखा, वर्तमानपत्र वाचावं तसा. शेवटी म्हणाले, “सोड.” मी सोडला तेव्हा रडायलाच आलं. मग बघितलं तर त्यांचा तो सरळ चेहराही राहिला नव्हता. मला तो समोर, अगदी जवळ होता म्हणून दिसला.

मी आधी भांडले. मला दिसत नाही असं कसं होईल, मी दिवसभर काळ्यावर काळी शिवण घालते. त्यांनी वाद घातला नाही. नुसतं म्हणाले, “माझा हात कुठे आहे सांग.” हात माझ्या गालाजवळ होता. मला तो दिसला नाही, त्याची ऊब लागली.

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवतात आणि कडेने ठिपके लुकलुकवतात, दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण न दाबता बसले होते. मला वाटलं यंत्र सुरू व्हायचं आहे. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिने गोल काढून दाखवलं. सगळ्यांना एवढं दिसतं, तुम्हाला एवढं. डोळ्याच्या आतला पडदा कडेने झिजत येतो म्हणाली, अंधारात आधी कळतं. मधलं शाबूत आहे आणि बरीच वर्षं राहील. किती वर्षं, ते कोणी सांगत नाही. औषध नाही. तेव्हा बाबा बाहेर उभे होते. मी बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, “काही आहे का गं?” त्यांच्या तोंडून हा प्रश्न ऐकायचा योग होता म्हणायचा. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, जमला नाही.

हे रक्तात असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. तुला अंधारात मासा दिसला म्हणजे बहुधा तू सुटलास, पण तू लिफ्टच्या खड्ड्यांमधे उतरतोस, तेव्हा दाखवून घे. टाळाटाळ केलीस तर मी तुझ्या बायकोला पत्र लिहीन.

स्कूटर विकायला काढली आहे. मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, टेबलावरचा दिवा मोठा करू, शिवण समोर असते ना? म्हणजे काम आहे. रात्री भीती वाटते. दिवसा वाटत नाही. हे तुला सांगते आहे, बाबांना सांगितलेलं नाही, त्यांना कळलेलं असणारच.

मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र असेल तर काढून बघ. त्यातलं बाबांचं नाव खोडून माझं घातलं की प्रत्येक ओळ बरोबर बसते. वाटाडी बाईने दमाने घ्या म्हटलं, तेही मलाच होतं असं धरून चाल. तिला परवा पाणमांजराची विष्ठा सापडली, माशाचे काटे असलेली. तेव्हापासून ती बाबांना बघून उभी राहते.

फेरी चालू आहे. नियम तेवढा मोडला. बाबा आता चालता चालता बोलतात. “पुढे मूळ आहे. डावीकडे पाणकोंबडी, पिल्लांसकट. वर वटवाघळं सुटली.” मिरवणूकच म्हणायची. बोललं की जनावरं पळतात, हा त्यांचा सिद्धांत निम्मा खोटा ठरला. पाणमांजर तर मान वळवून ऐकतं म्हणे. मला ते अजून दिसलेलं नाही. मी तुझ्यासारखी “कुठे, कुठे” करते, ते सांगतात, मी मान फिरवत राहते, आणि तोवर ते पाण्यात गेलेलं असतं. ती बुडी मारताना होणारा आवाज मात्र आता मला ओळखता येतो.

हिवाळ्यात खोली दाखवायला बोलावतोस, ते बरं. दोघं येऊ. चार दिवस राहू आणि दोघं परत येऊ, बॅग तू भरायची नाही.

तू शेवटच्या पत्रात विचारलं आहेस की बाबांचा तोल आता कसा आहे. उत्तम आहे. दोघांना पुरतो.

ताई